पेशींना उजळणारे सूक्ष्म कण

पेशी बहुधा पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली तिचे अंतरंग स्पष्ट दिसत नाही. म्हणून तिला रंग देण्याची प्रथा पडली. परंतु प्रकाशणारे बहुतेक सेंद्रिय रंग तीव्र प्रकाशात लवकर फिके पडतात. ‘क्वांटम डॉट’ नामक कण मात्र दीर्घकाळ टिकतात.

हे कण कॅडमियम टेल्युराइडसारख्या अर्धसंवाहकाचे असून त्यांचा व्यास साधारणतः २ ते १० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. द्रव्य तेच असूनही आकारमानानुसार रंग बदलतो, हा त्यांचा विशेष. जंबुपार किरण पडताच लहान कण हिरवा, तर मोठे कण तांबडा प्रकाश देतात. या कणांचा शोध व निर्मिती यांसाठी एकिमोव्ह, ब्रूस व बावेंडी या शास्त्रज्ञांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

बावेंडी यांच्या १९९३ च्या पद्धतीत कण तप्त सेंद्रिय द्रवात तयार होतात. ते पाण्यात मिसळत नाहीत. पेशी तर पाण्यातच जगते. यास्तव पाण्यातच कण घडविण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

तीत कॅडमियमचा क्षार व थायोग्लायकोलिक आम्ल शुद्ध पाण्यात घेऊन द्रावण अल्कधर्मी करतात. ऑक्सिजन घालविण्यासाठी नायट्रोजन वायू सोडतात. नंतर सोडियम हायड्रोजन टेल्युराइड मिसळून द्रावण सुमारे १०० अंश सेल्सिअसला तापवीत ठेवतात. जसजसा वेळ जातो तसतसे कण वाढतात आणि रंग हिरव्याकडून तांबड्याकडे सरकतो. आम्लाच्या रेणूचे एक टोक कणाला धरते, दुसरे पाण्याकडे राहते. या दुसऱ्या टोकास प्रतिपिंड जोडला, की तो पेशीवरील ठरावीक प्रथिनालाच चिकटतो व ती पेशी उजळून दिसते.

येथे सावधगिरी अनिवार्य आहे. कॅडमियम विषारी आहे. जपानमधील जिन्झू नदीत खाणीतून आलेले कॅडमियम भातशेतीत उतरले व लोकांची हाडे ठिसूळ झाली. त्या ‘इताइ-इताइ’ विकाराचे मूळ कॅडमियम असल्याचे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. म्हणून असे कण मुख्यतः शरीराबाहेरील नमुन्यांवर वापरावेत, उरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळे साठवावे. कार्बनचे प्रकाशणारे कण हा तुलनेने निर्धोक पर्याय आहे.

हा प्रयोग शाळेत करण्याजोगा नव्हे. तथापि, नोटेवरील क्रमांक जंबुपार दिव्याखाली कसा चमकतो, हे शिक्षकांनी अवश्य दाखवावे. मात्र दिव्याकडे थेट पाहू देऊ नये.