इस्त्रीच्या पँटीत बैठका

मुलगा जिममध्ये ट्रेनरच्या मुलाखतीला निघाला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘नोकरीला चाललायस की खेळायला?’ मग ताईच्या लग्नात शिवलेली पँट कपाटातून निघते, पांढऱ्या शर्टाला इस्त्री होते, बाबांचे काळे बूट पॉलिश होतात. पोरगं बिचारं मुकाट्यानं ते सगळं अंगावर चढवतं आणि नाशिकच्या कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरला जाऊन उभं राहतं.

आईबाबांनो, तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. सातपूर-अंबडच्या कंपनीत, बँकेत, शाळेत तुम्ही मुलाखती दिल्यात त्या तशाच कपड्यांत, आणि तिथे ते शोभलंही. पण मी या धंद्यात आहे, ट्रेनर निवडायला बसतो, म्हणून टेबलाच्या अलीकडची बाजू तुम्हाला सांगायची आहे. आमच्याकडे खुर्चीवरच्या गप्पा थोडाच वेळ चालतात. कुठला कोर्स केलास, आधी कुठे होतास, सकाळी लवकरची बॅच जमेल का, संपलं. मग आम्ही म्हणतो, ‘चल, फ्लोअरवर ये. स्क्वॉट करून दाखव. आता समज मी नवा मेंबर आहे, मला शिकव.’ खरी मुलाखत तिथे सुरू होते.

फॉर्मल पँट मांडीला धरते, गुडघ्यावर ताणते. शिवण उसवेल या धास्तीनं मुलगा अर्ध्यातच थांबतो. हात वर केले की शर्ट बाहेर येतो, तो पुन्हा खोचण्यात त्याचं लक्ष जातं. चामड्याच्या कडक बुटात पाय जमिनीवर नीट रोवला जात नाही. समोरच्याला वाटतं, याला बैठकच नीट येत नाही. दोष पँटीचा, गुण मात्र मुलाचे कापले जातात.

म्हणजे काहीही घालून जावं असंही नाही. दुसऱ्या टोकाची मुलंही येतात. खांद्यावर दोरीएवढी पट्टी असलेला स्ट्रिंगर, छाती-दंड सगळे बाहेर, छातीवर कुठलं तरी मारामारीचं वाक्य. शरीर कमावलेलं असतं, मेहनत दिसते. पण त्याला शिकवायचंय कोणाला? गुडघे दुखणाऱ्या काकूंना, शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी पाठवलेल्या साहेबांना, बाळंतपणानंतर वजन उतरवायला आलेल्या मुलीला. ही माणसं आधीच अवघडलेली असतात. ट्रेनरचं शरीर अंगावर आल्यासारखं वाटलं तर पुढच्या महिन्यात ती येत नाहीत.

बेंच प्रेसला सपोर्ट देताना ट्रेनर कुठे उभा राहतो, कधी पाहिलंय? बाकावर उताण्या झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी. तिथून तो पुढे वाकतो आणि बारखाली हात धरतो. गळ्यातली चेन, लॉकेट, ढगळ गळ्याचा टीशर्ट, जे काही लोंबत असेल ते खालच्या माणसाच्या तोंडावर येतं. घामाचा वास, नाहीतर तो झाकायला अर्धी बाटली ओतलेला परफ्यूम, तेही त्याच्या नाकात. वाढलेली नखं दुसऱ्याच्या खांद्यावर ओरखडा काढतात. आम्ही कपडे बघतो ते या जागेवरून. माझ्या लेखी तरी एवढं एक चित्र डोळ्यासमोर ठेवलं की काय घालावं याची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

तर, कॉलरचा किंवा साधा गोल गळ्याचा, अंगाबरोबर बसणारा टीशर्ट. गडद रंगाची ट्रॅक पँट, घोट्याशी गोळा होऊन जमिनीवर लोळणारी नको. स्वच्छ बूट. नवे घ्यायलाच हवेत असं नाही. जुने, धुतलेले, लेस बदललेले चालतात. मुलाखतीसाठी म्हणून महागडा ब्रँड घेऊन देऊ नका. नवा कोरा बूट चावतो आणि डेमो देताना सगळं लक्ष टाचेवर जातं. दाढी ठेवायची तर कापून सारखी केलेली. आणि हो, दुसऱ्या जिमचं नाव छापलेला टीशर्ट घालून येणारे दरवर्षी भेटतात! मॅरेथॉनचा फिनिशर टीशर्ट मला खटकत नाही, उलट बोलायला विषय मिळतो. पण हे माझं मत, सगळे तसे नसतील.

आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यांची काय कळा होते ते मी सांगायला नको. सिडकोहून गंगापूर रोडला गाडीवर येईपर्यंत पोटऱ्या चिखलानं भरतात. म्हणून जिममधले बूट पिशवीत आणायचे आणि दारात बदलायचे. पोरानं दारात बूट बदलले की मी अर्धा समाधानी होतो, कारण फ्लोअर पुसणाऱ्या मावशींचा विचार त्याला सुचला. त्याच पिशवीत नॅपकिन, पाणी, सर्टिफिकेटच्या प्रती आणि हेल्मेटनं विस्कटलेल्या केसांसाठी कंगवा.

आता मुलींच्या आयांशी थोडं. तुमची काळजी वेगळी आहे आणि ती मला वेडगळ वाटत नाही. ‘टाइट घालून जाऊ नकोस’ म्हणून भांडण काढण्यापेक्षा एक काम करा. लेगिंग घालून तिला भर उन्हात गच्चीवर न्या आणि खाली बसायला सांगा. घरात ट्यूबखाली जाड वाटणारं कापड ताणलं की उजेडात आरपार दिसू शकतं, आणि जिममध्ये भिंतभर आरसे नि डोक्यावर दिवे असतात. दिसत असेल तर दुसरी घ्या, नाहीतर जॉगर्स. टीशर्ट कमरेखाली येणारा, हात वर केल्यावरही पोट न दिसणारा. आत चांगली स्पोर्ट्स ब्रा. यात कंजुषी नको, बुटांपेक्षाही आधी ती घ्या. केस घट्ट बांधलेले. लग्न झालेली असेल तर लांब मंगळसूत्र त्या दिवशी घरी, छोटं गळ्यालगतचं घालावं. सासूबाईंना आधी सांगून ठेवलं की निघताना दारात चर्चा होत नाही. ओढणी मात्र नको. मशीनच्या केबलमध्ये अडकली तर काय होईल, कल्पना करा.

आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेतलं, तेव्हा सगळ्या नाशिकनं पेढे वाटले. तिच्या धावण्याच्या कपड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओला होडी वल्हवायला गेला, तोही नावाड्याच्याच वेषात. मल्लखांबावर चढणारी मुलं तर लंगोटातच असतात. खांबाला एरंडेल लावलेलं, पकड अंगाची, तिथे कापड आड आलं तर मुलगा घसरेल. यशवंत व्यायामशाळेच्या या गावात हे कोणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. तरी आपल्या मुलाच्या वेळी आपण अडतो. मला वाटतं, कपडे हे निमित्त असतं. ‘मुलगा कुठे नोकरीला?’ या प्रश्नाला ‘जिममध्ये’ हे उत्तर पाहुण्यांना द्यायला जीभ जड होते, आणि निदान पँट-शर्टात गेला तर ती नोकरी जरा नोकरीसारखी दिसेल अशी आशा असते. मुलाला हे बरोबर कळतं. दारातून निघतानाच त्याचे खांदे पडलेले असतात, ते फ्लोअरवर आम्हाला दिसतात.

अर्थात जागा कुठली आहे यावर बरंच अवलंबून. रिसेप्शन, मेंबरशिप विकणं, मॅनेजर यासाठी तुमचा इस्त्रीचा शर्टच योग्य. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर शर्ट-पँटमध्ये जावं, ट्रॅकसूट पिशवीत असावा. मुख्याध्यापक बोलतात आणि मग मैदानावर नेतात. योगशिक्षिकेला सैल, सुती, पण शीर्षासनात तोंडावर न येणारा कुर्ता. सावरकर तलावासारख्या ठिकाणी जलतरणाचं काम असेल तर पोहण्याचा पोशाख, टोपी, टॉवेल बरोबर लागणारच. शंका असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारावं, ‘सर, प्रॅक्टिकल आहे का? काय घालून येऊ?’ असं विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. फक्त तो फोन त्यानंच करायचा, तुम्ही नाही. आणि सोबत यायचंच असेल तर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्या. आत रिसेप्शनच्या सोफ्यावर बसू नका.

परत आल्यावर पगाराचं पहिल्यांदा विचारू नका. काय काय करून घेतलं ते विचारा, तो उभं राहून करून दाखवेल. नोकरी लागलीच, तर बहुतेक ठिकाणी जिमचे टीशर्ट मिळतात, दोनच. घामानं भिजतात, रोजच्या रोज धुवावे लागतात. ते धुणं त्याच्याचकडे ठेवा.