आधी विषय की आधी विद्यापीठ?

कोलकात्यातल्या मराठी घरांत मूल बारावीला आलं की एक प्रश्न हमखास निघतो: अमेरिका बरी की युरोप? हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला चार पालक भेटले तरी बोलणं फी आणि व्हिसावर येतं. या दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण त्यांच्याआधी घरात एक गोष्ट शांतपणे बोलून घ्या. मुलाचा विषय ठरला आहे का? तुमच्या नव्हे, त्याच्या मनात?

अमेरिकेत विद्यार्थी बहुधा विद्यापीठात प्रवेश घेतो, युरोपात विषयाला. अमेरिकन पदवी चार वर्षांची, साधारण १२० क्रेडिट्सची. सुरुवातीला भौतिकशास्त्राबरोबर इतिहास, गणिताबरोबर संगीत घेता येतं आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवला तरी चालतं. (इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सला मात्र अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत वेगळा प्रवेश असतो, नंतर तिकडे वळणं अवघड जातं.) युरोपात १९९९च्या बोलोन्या करारानंतर अनेक देशांत पदवी तीन वर्षांची, १८० क्रेडिट्सची झाली. अर्थशास्त्राला नाव घातलं की पहिल्या आठवड्यापासून अर्थशास्त्रच.

ही दुसरी पद्धत आपल्या ओळखीची आहे. जानेवारी १८५७मध्ये स्थापन झालेलं कलकत्ता विद्यापीठ, त्याच वर्षीच्या मुंबई आणि मद्रास विद्यापीठांप्रमाणे, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं. सतरा-अठराव्या वर्षी ऑनर्सचा विषय पक्का करायचा आणि तोच धरून बसायचं, ही रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. पश्चिम बंगालमध्ये २०२३पासून चार वर्षांची पदवी आली, तरी पालकांच्या मनातून ती जुनी रीत अजून गेलेली नाही.

याच शहरातली दोन उदाहरणं पाहा. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९५३मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. विषय ठरलेला होता, कोलकात्याची पदवी हातात होती. तिथली पदवी त्यांनी दोन वर्षांत घेतली. पुढे ट्रिनिटीचीच फेलोशिप मिळाली तेव्हा त्या मोकळ्या वर्षांत ते तत्त्वज्ञान शिकले. एका विषयात पाय रोवल्यावर त्यांनी दुसरं दार उघडलं. म्हणून लवकर विषय ठरला की मूल एका चाकोरीत अडकतं, ही भीती मला पटत नाही.

दुसरे, तेही अर्थतज्ज्ञ, अभिजित विनायक बॅनर्जी. आई निर्मला माहेरच्या पाटणकर, मराठी, स्वतः अर्थतज्ज्ञ. वडील दीपक बॅनर्जी प्रेसिडेन्सीत अर्थशास्त्राचे प्राध्यापक. असं घर असूनही मुलानं आधी भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रवेश घेतला, थोड्याच काळात तो सोडला आणि प्रेसिडेन्सीत अर्थशास्त्राला आला. पुढे जेएनयू, मग हार्वर्डची पीएचडी, १९८८मध्ये. विषय बदलण्यासाठी त्यांना संस्थाच बदलावी लागली, हे लक्षात घ्या. अमेरिकन कॉलेजात असा बदल बऱ्याचदा सल्लागाराची सही घेऊन होतो. मुलाचं मन डळमळतंय असं दिसत असेल, तर त्या चार वर्षांचं मोल इथे आहे.

अर्थात ते मोल पैशातही मोजावं लागतं. अमेरिकेतल्या अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत राहण्या-खाण्यासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलाचा प्रवेश ठरवताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. इतरत्र बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवडीची शक्यता कमी होऊ शकते.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. राहण्याच्या खर्चापोटी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात; हा आकडा सप्टेंबर २०२४पासूनचा आहे. शिवाय पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतात. त्यामुळे फुकट शिक्षणाची बातमी वाचून बारावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यात अर्थ नाही. पार्क स्ट्रीटच्या मॅक्स म्युलर भवनातला जर्मनचा वर्ग अकरावीतच सुरू व्हायला हवा.

एका गोष्टीकडे पालकांचं फार दुर्लक्ष होतं, ती म्हणजे परीक्षा. अमेरिकेत दर आठवड्याचा गृहपाठ, छोट्या चाचण्या, वर्गातला सहभाग यांचे गुण धरतात. मूल मागे पडलं तर महिन्याभरात कळतं. युरोपात अनेक ठिकाणी सत्राअखेरीची एकच परीक्षा सगळं ठरवते आणि मधल्या काळात कोणी विचारत नाही. जर्मनीत एका पेपरला बहुधा तीनच संधी असतात. तिसरीही हुकली तर तो अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही सहसा पुरा करता येत नाही. नेदरलँड्समध्ये पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट्स जमले नाहीत तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. लहानपणापासून ट्यूशनच्या सरांनी रोज अभ्यास करून घेतलेल्या, हुशार मुलाचीच इथे त्रेधा उडते. पाठवण्याआधी एक वर्ष त्याला स्वतःचं वेळापत्रक स्वतः आखू द्या, चुकू द्या.

डॉक्टर व्हायचं असेल तर अमेरिका की युरोप हा प्रश्न सोपा आहे. अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षण सहसा नसतंच; आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, आणि तिथे परदेशी विद्यार्थ्याला जागा फार थोड्या. युरोपात शाळेनंतर थेट सुरुवात होते.

विषय ठरलाय की नाही हे कळण्यासाठी एखाद्या युरोपीय विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या पदवीच्या तीनही वर्षांची विषयांची यादी काढा आणि मुलाला दोन आठवडे स्वतःजवळ ठेवायला द्या. त्यानं न सांगता त्यातलं काही शोधून वाचलं, तर युरोपचा अर्ज भरा. यादी टेबलावर तशीच पडून राहिली, तर रागावू नका, अमेरिकेचा किंवा इथल्याच चार वर्षांच्या पदवीचा विचार करा. मात्र हे अकरावीच्या उन्हाळ्यात करा. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते आणि अमेरिकेतले लवकरचे अर्ज बहुधा १ नोव्हेंबरला बंद होतात. दुर्गापूजेच्या सुट्टीत निबंध लिहायला बसलेल्या मुलाला विषयाचा विचार करायला वेळ उरत नाही.