सहा मिलिमीटर मातीसाठी

भाचेबुवा, जुन्या स्टीलच्या सायकलीला सव्वादोन इंची टायर चढवायचं मनावर घेतलंयस, चांगलं आहे. पण दुकानाच्या वाटेला लागण्याआधी मागचं चाक खोल. टायर आत मावला म्हणजे बसला, असं पुण्या-मुंबईकडे चालत असेल. आपल्या संभाजीनगरात टायरच्या दोन्ही बाजूंना मातीसाठी जागा सोडावी लागते.

आपल्याकडे जमिनी दोन. गोगाबाबा टेकडीवर, साताऱ्याच्या डोंगरात, म्हैसमाळच्या कडेच्या वाटांवर मुरूम आहे. उन्हाळ्यात तो सुटा होतो आणि बारीक टायर त्यावरून घसरतो. तिथे रुंद टायर थोड्या कमी हवेत पसरून धरून ठेवतो, यात वाद नाही. पण डोंगर उतरून शिवारात आलास की काळी लागते. तीही मुरमासारखी बेसाल्टचीच, पण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि रबराला सोडत नाही. पावसाळ्यात पाणंदीत शिरलास की थोड्याच अंतरात चाकाभोवती जाड थर बसतो. फ्रेम आणि टायर यांच्यात पुरेशी फट नसेल तर चाक जाम; मग सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घेऊन चालायचं. मुरमाला रुंद टायर लागतो आणि काळ्या मातीला रिकामी जागा. जुन्या फ्रेममध्ये दोघं एकाच जागेवर हक्क सांगतात, आणि तोच तंटा तुला मिटवायचा आहे.

आता माप. बीबीपासून, म्हणजे पायडलची एक्सल फिरते त्या नळीपासून, मागच्या एक्सलकडे जाणारे दोन आडवे पाइप आहेत ना, तिथेच सगळी अडचण. एक्सल बसते त्या खाचेच्या मध्यापासून पाइपावर पट्टी धर आणि साधारण 305 मिलिमीटरवर खडूची खूण कर. सव्वीस इंची टायरचा सगळ्यात रुंद भाग तिथे येतो. दोन्ही पाइपांच्या आतल्या अंगांमधलं अंतर त्या खुणेवर वर्नियरने घे. त्यातून 12 वजा कर, दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर मातीचे. उरलं ते टायरचं. 66 आलं तर टायरला 54 मिळतात, म्हणजे 2.1 इंची बसतो. सव्वादोनचा 57 चा असतो, त्याला 69 हवेत. वर्नियर नसेल तर जुना टायर हवा भरून बसव आणि फटीतून सहाची एलन की आरपार जाते का बघ. दोन्ही बाजूंनी बघ. जुन्या फ्रेममध्ये चाक क्वचितच बरोबर मध्ये असतं.

टायर रुंद झाला की उंचही होतो. 1.95 वरून 2.25 वर गेलास तर उंची साधारण सात मिलिमीटरनं वाढते, आणि त्याबरोबर रुंद भागही बीबीकडे सरकतो, जिथे पाइप एकमेकांच्या जवळ येत असतात. म्हणून टायरच्या रुंदीपुरता हिशोब करून थांबू नकोस. बीबीमागे स्टँडची पट्टी असेल तर तीही बघ, वरच्या उभ्या पाइपांमधला आडवा पूलही बघ. आणि रुंदी मोजायची ती नक्षीच्या बाहेरच्या दाण्यांवर, रबराच्या पोटावर नव्हे. शिवाय नवा टायर ताणला जातो. पूर्ण हवा भरून रात्रभर ठेव, सकाळी मोज, मगच निकाल दे.

दुकानात नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणू नकोस. सव्वीसचे प्रकार अनेक आहेत. 26 x 1.95, 26 x 2.1 असे दशांशातले टायर 559 च्या रिमचे. 26 x 1 3/8 हा साध्या सायकलीचा, 590 च्या रिमचा. तो तुझ्या रिमवर ढिला बसेल. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत 50-559 किंवा 54-559 छापलेलं असतं, तेच वाच. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. पहिल्यावर मात्र आंधळा विश्वास नको. अरुंद रिमवर तोच टायर थोडा बारीक भरतो, रुंद रिमवर फुगतो.

फट थोडक्यात हुकत असेल तर सिंगल स्पीडवाल्या जुन्या फ्रेमचा एक फायदा आहे. मागची खाच लांब असते, एक्सल मागे सरकवता येते, आणि मागे सरकली की टायर पाइपांच्या रुंद भागात येतो. चेनचा एक जोड वाढवावा लागेल; इंचभर चेन वाढली की चाक अर्धा इंच मागे जातं. पण ब्रेक फ्रेमलाच असतो, तो मागे जात नाही. रबर पुन्हा रिमवर नीट बसव, टायरच्या कडेला घासलं तर एका उतारात टायर फाटतो. गिअरच्या सायकलीत बहुधा खाच उभी असते, तिथे हा उपाय नाही.

एखादा वेल्डिंगवाला म्हणेल, पाइप दाबून देतो, जागा होते. स्टील दबतं हे खरं, आणि काही फ्रेम कारखान्यातूनच तशा दाबून येतात. पण बीबीजवळच्या वेल्डिंगला हातोड्याचे धक्के आणि गंजानं आतून पातळ झालेला पाइप, यातून फ्रेम वाकडी होण्यापलीकडे काही निघत नाही. त्यापेक्षा कडेचे दाणे ब्लेडनं थोडे छाटलेले परवडले. दिसायला वाईट, पण सायकल शाबूत.

माझं ऐकशील तर पुढे सव्वादोन आणि मागे 2.1 लाव. पुढच्या चिमट्यात बहुधा जागा जास्त असते, आणि मुरमात आधी पुढचंच चाक घसरतं. मागचं घसरलं तर माणूस सावरतो. जुन्या पद्धतीचे कँटिलिव्हर ब्रेक असतील, म्हणजे मध्ये आडवी तार असलेले, तर ती तार टायरपासून चांगली वर ठेव. आणि चिमट्यावरची रिफ्लेक्टरची पट्टी काढू नकोस. मुख्य केबल तुटली तर ती आडवी तार नक्षीत अडकून पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. ती पट्टी तारेला अडवते. पॉवर ब्रेक असतील तर ही भीती नाही, फक्त रुंद टायर काढताना आधी हवा सोडावी लागेल.

चाकाची आऊट काढून घेतल्याशिवाय यातलं काहीही करू नकोस. रिम तीन मिलिमीटर हलत असेल तर सहातले तीन गेलेच. चढावर उभं राहून पायडल मारताना चाक आणखी लवतं. घरी येऊन आडव्या पाइपांची आतली बाजू बघ. रंगात चकाकणारी रेघ दिसली तर टायर घासतोय, आणि चिखलातली वाळू तिथे कानसीसारखी काम करतेय.

हवा रस्त्यावर 40 पर्यंत ठीक, मुरमात 30 च्या आसपास. फार कमी केलीस तर दगडावर ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. एकच बारीक छिद्र दिसलं तर तो सराटा. आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नकोस. मडगार्ड पावसाळ्यात काढून ठेव, काळी आधी त्यातच भरते.

सायकलमीटर असेल तर त्यातला चाकाचा आकडाही बदल. 1.95 ला 2050 लागतो, 2.1 ला 2068. नाही बदललास तर शहरातून वेरूळ पाव किलोमीटरनं जवळ आलेलं दिसेल, आणि तू सगळ्यांना तेच सांगत फिरशील.