तोंड सारखे, गुण वेगळे : औषधाच्या बाटलीवरील इंग्रजी शब्द



लागणीचा हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात औषधांचे पुडे आणि बाटल्या दाखवायला सभासद येऊ लागतात. "साहेब, हे तेच का?" हा प्रश्न ठरलेला. पुष्कळदा ते 'तेच' नसते. सुरुवातीची तीन-चार अक्षरे तीच, शब्दाची लांबी तीच, आणि माल मात्र निराळा. इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्याचीही इथे फसगत होते. सवयीचा शब्द आपण पुरता वाचतच नाही. तोंड पाहतो, लांबी पाहतो आणि उरलेले मनाने भरतो. म्हणून या खेपेस खत-पाण्याचे सोडून थोडे शब्दांविषयी लिहीत आहोत.

पहिली जोडी बेणेप्रक्रियेतली. कार्बेन्डॅझिम आणि कार्बोसल्फान. इंग्रजीत दोन्ही शब्द बरोबर अकरा अक्षरी आणि पहिली चार अक्षरे एकच : सी, ए, आर, बी. फरक पाचव्या अक्षरापासून पडतो. एकात तिथे 'ई' आहे, दुसऱ्यात 'ओ'. कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक. काणी आणि टिपऱ्या आतून कुजवणारा अननस रोग यांसाठी शंभर लिटर पाण्यात १०० ग्रॅम भुकटी कालवून दहा-पंधरा मिनिटे टिपऱ्या बुडवायच्या, ही पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. कार्बोसल्फान हे कीटकनाशक. बुरशीवर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि माणसाच्या मज्जातंतूंवर ते थेट घाव घालते. आता बॅरलमध्ये हात कोणाचे असतात ते आठवा. लागणीला आलेल्या बायांचे, आणि बहुधा उघडेच. दुकानदाराने 'कार्ब' एवढे ऐकून बाटली काढून दिली आणि आपण 'कार्ब' एवढे वाचून ती ओतली, तर बेणे राहते बाजूला आणि बाईला दवाखान्यात न्यावे लागते. (हातमोजे दोन्ही औषधांना हवेतच, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

दुसरी जोडी आम्हाला याहून अवघड वाटते. ॲट्राझिन आणि ॲट्रोपिन. दोन्ही शब्द आठ अक्षरी, सुरुवात ए-टी-आर, शेवट आय-एन-ई. मधली दोनच अक्षरे वेगळी : एकात ए-झेड, दुसऱ्यात ओ-पी. ॲट्राझिन उसातल्या जुन्या शेतकऱ्याला सांगायला नको. लागणीनंतर तण उगवण्याआधी फवारायचे तणनाशक. उसात भुईमूग, सोयाबीन किंवा हरभरा आंतरपीक असेल तर ते मारू नये, कारण ही पिके त्याच्या दृष्टीने तणच.

ॲट्रोपिन मात्र शेतातली वस्तूच नाही. ते दवाखान्यातले औषध. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस यांसारख्या औषधांची किंवा वर सांगितलेल्या कार्बोसल्फानची विषबाधा झाली की डॉक्टर त्याचे इंजेक्शन देतात. म्हणून अशा बाटलीच्या लेबलावर 'अँटिडोट', म्हणजे विषावरचा उतारा, या शब्दापुढे ॲट्रोपिन छापलेले असते. बारीक छपाईत ए-टी-आर दिसले म्हणून एखाद्याने बाटली तणनाशकाची समजावी, असा घोटाळा सहज होऊ शकतो; ती बाटली खरे तर जहाल कीटकनाशकाची असते. उलट बाजूने, उतारा हवा म्हणून घाबरलेल्या माणसाने दुकानात 'ॲट्रा' म्हणून काही मागणे हेही तितकेच घातक. ॲट्रोपिन घरी आणून ठेवायचे नसते, ते डॉक्टरांनीच द्यायचे.

या नावाची गंमत अशी की ते बेलाडोना या विषारी झाडाच्या शास्त्रीय नावावरून आले, आणि ते नाव ॲट्रोपॉस या ग्रीक देवतेवरून. आपल्याकडे सटवी कपाळी लिहून जाते, तिकडे ही बाई आयुष्याचा धागा कापते. विषाच्या झाडातून विषाचा उतारा निघाला!

खतांच्या गोण्यांवर सल्फेट, सल्फाइट आणि सल्फाइड ही तीन भावंडे. तिन्ही आठ अक्षरी, पहिली पाच अक्षरे सारखी. इथे शेपटी पाहावी. गंधकाला प्राणवायू भरपूर जोडलेला तो 'एट', कमी जोडलेला तो 'आइट', मुळीच नसलेला तो 'आइड'. चुनखडीच्या रानात खोडवा केवड्याने पिवळा पडला तर आपण आणतो ते फेरस सल्फेट. सल्फाइट आपल्याला भेटते ते कारखान्यात. रस स्वच्छ करताना चुना घालून गंधकाचा धूर देतात त्यात ते तयार होते, त्यावरूनच 'सल्फिटेशन' हा शब्द.

पोटॅश आणि पॉयझन, दोन्ही सहा अक्षरी आणि दोन्हींची सुरुवात पी-ओ. एक मडक्यातली राख, शब्दाचा अर्थच तो, दुसरे विष. कीटकनाशकाच्या लेबलावर तिरक्या चौकोनात खाली रंगाचा त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्या रंगाच्या वर पॉयझन हा शब्द येतो, आणि लालच्या वर कवटीही. निळ्याच्या वर डेंजर, हिरव्याच्या वर कॉशन. अक्षर लागत नसले तरी रंग कळतो, आणि घरातल्या म्हातारीलाही तो शिकवता येतो. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मात्र कोणी समजू नये.

आणखी दोन शब्द लेबलावर नेहमी दिसतात, तेही सारख्या तोंडाचे आणि सात अक्षरी. कॉन्टॅक्ट म्हणजे अंगाला लागले तरच किडीला मारणारे, कॉन्टेंट म्हणजे मूळ विषाचे प्रमाण. तसेच इनहेल आणि इनजेस्ट, दोन्ही सहा अक्षरी. पहिले श्वासातून आत जाणे, दुसरे पोटात जाणे. प्रथमोपचार दोहोंना निरनिराळे. उलटी करवावी की करवू नये हेही औषधागणिक बदलते, त्यामुळे ऐकीव उपाय करू नयेत.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपला ऊस आहे, कापूस नाही, म्हणून आपण सुटलो असे नव्हे. पंप तोच आणि औषधेही पुष्कळशी तीच.

आमची सूचना एवढीच, की दुकानात जाताना नाव कागदावर पुरते लिहून न्यावे, आणि घेतलेल्या बाटलीवरचे नाव त्याच्याशी एकेक अक्षर लावून पाहावे. घरात शाळेत जाणारी पोरे असतील तर हे काम त्यांना सांगा, ती आपल्यापेक्षा नीट करतात. त्या लेबलावर ऊस हे पीक आहे का तेही पाहावे, कारण शिफारशी बदलत असतात. कोणाला बाधा झालीच तर रोग्याबरोबर बाटली दवाखान्यात न्यावी, निदान मोबाईलवर लेबलाचा फोटो तरी असावा. 'ते पांढरे औषध होते' एवढ्यावर डॉक्टरांना उतारा ठरवता येत नाही.

वजनाच्या पावतीवरील ग्रॉस, टेअर आणि नेट या शब्दांविषयी बऱ्याच सभासदांनी विचारले आहे. ते पुढील अंकी.