वय झालं म्हणून नाही, डॉक्टर!

माझ्या कोपर-गुडघ्यांवरचे चट्टे साठीनंतर बरेच उतरले, तेव्हा घरच्यांना वाटलं, सोरायसिसने एकदाचा हिचा पिच्छा सोडला. तो गेला नव्हता, त्याने जागा बदलली होती. छातीखाली आणि जांघेत लाल, गुळगुळीत चट्टे आले. खवले नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याने गजकर्ण ठरवून ट्यूब पुढे केली. असल्या मिश्र मलमांत बहुतेक वेळा जोरकस स्टिरॉइड असतं आणि उतारवयातली पातळ कातडी त्याने आणखी पातळ होते.

मग टाच धरली. सकाळी मूठ वळेना, कपाचा कान पकडवेना. तासाभराने कामाला लागलं की हात मोकळे व्हायचे. कोथरूडमधले आमचे नेहमीचे डॉक्टर दरवेळी तेच सांगायचे, "काकू, साठी उलटली, आता हे चालायचंच." संधिवातासाठी केलेली आरए फॅक्टरची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा तर रिपोर्ट माझ्याकडे सरकवून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. माझ्या फायलीत सोरायसिसचा कागद सगळ्यांत वर होता. त्यांनी तो कधी उलटून पाहिला नाही.

शेवटी भाचीने संधिवाताच्या तज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी माझा हात दिव्याखाली धरला आणि विचारलं, "नखांवर हे खड्डे कधीपासून?" सुईने टोचल्यासारखी ती नखं मी कित्येक वर्षं बघत होते. मग त्यांनी पायाचं मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं बोट दाबून पाहिलं. निदान झालं सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा संधिवात. यात आरए फॅक्टर बहुतेकांचा निगेटिव्हच येतो! म्हणजे ज्या रिपोर्टवर मला घरी पाठवलं, त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. कर्वे रस्त्यावर रिक्षात मला संतापाने रडू फुटलं. तोवर हाताचं एक बोट वाकडं झालं होतं, ते आता सरळ होणार नाही.

सोरायसिस असलेल्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे सांधे धरतात, बहुधा चट्टे आल्यावर काही वर्षांनी. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि हालचालीने कमी होत असेल, तर त्याला नुसती झीज समजू नका. नेलपॉलिश पुसून नखं दाखवा.

या आजारावर मेथोट्रेक्सेटची गोळी दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. मी वार ठरवून कॅलेंडरवर खूण करते. वयाबरोबर मूत्रपिंडं मंदावतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नका आणि दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. बीपीच्या काही गोळ्यांनीही सोरायसिस उसळतो. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मुळापासून घालवतो म्हणणाऱ्यांच्या पुड्या तर घेऊच नका. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असलं, तर थांबवल्यावर अंगभर भडका उडतो. थंडीत खोबरेल लावा, वजन आटोक्यात ठेवा, हे तर सगळेच सांगतात.

कुणी "वय झालं" म्हणालं, तर तिथेच विचारा, कोणत्या तपासणीवरून? उत्तर मिळालं नाही तर फाइल उचला आणि दुसरा डॉक्टर गाठा.