शिक्षकांना विचारावे, पण कसे? शाळांतील कर्मचारी-पाहणीविषयी एक टिपण

आमच्या देणगीदारांपैकी व विश्वस्तांपैकी काही जण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवरही आहेत. रुग्णालयातील परिचारिका, वॉर्डबॉय व आया यांच्याकडून आम्ही वर्षातून एकदा प्रश्नावली भरून घेतो. शाळेतही असे काही करता येईल का, अशी पृच्छा त्यांच्याकडून होत असते. त्या निमित्ताने हे टिपण अहवालात देत आहोत.

रुग्णालयाने शाळेविषयी लिहावे यास आणखी एक कारण आहे. काळाचौकी, लालबाग, परळ या भागांतील शाळांचे शिक्षक आमच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य येतात. दिवसभर मोठ्याने बोलून बसलेला आवाज, उभे राहून सुजलेले पाय, आणि स्वच्छतागृहाची सोय नीट नसल्यामुळे पाणी कमी पिणाऱ्या शिक्षिकांना होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, यांवर डॉक्टर औषध देतात. परंतु या तक्रारींचे मूळ शाळेच्या वेळापत्रकात व इमारतीत असते, आणि तेथवर औषधाची चिठ्ठी पोहोचत नाही.

कर्मचाऱ्यांची अवस्था आणि सेवेचा दर्जा यांचा संबंध रुग्णालयांपुरता तरी आकड्यांनी दाखवला गेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांविषयी लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून अधिक परिचारिकांची उत्तरे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहिली असता, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, तर परिचारिका कामाने खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. शाळेत होणारी हानी अशी कोणत्या नोंदवहीत चढत नाही. म्हणून ती होत नाही असे नव्हे.

शाळांचे स्वयंमूल्यमापन आपल्याला नवे नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘शाळा सिद्धी’ उपक्रमात सात क्षेत्रे व ४६ मानके ठरवली गेली. शिक्षकांची कामगिरी हे त्यांपैकी एका क्षेत्राचा विषय होते. शिक्षकांच्या स्वास्थ्यासाठी मात्र स्वतंत्र क्षेत्र नव्हते. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०२१ मध्ये काढलेल्या सनदेत सहभागी शाळा कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याचे मोजमाप करण्याची हमी देतात.

पाहणीचा खरा कस लागतो तो गोपनीयतेवर. बारा शिक्षकांच्या शाळेत वय, विषय व सेवेची वर्षे विचारली, की नाव न लिहिताही उत्तर कोणाचे ते मुख्याध्यापकांना समजते. एकमेकांच्या वह्या व प्रगतिपुस्तके पाहणारे सहकारी हस्ताक्षर तर सहज ओळखतात. म्हणून व्यक्तिगत माहिती विचारूच नये, उत्तरे खुणेने द्यावीत आणि खुल्या प्रश्नांची उत्तरे बाहेरच्या व्यक्तीने टंकलिखित करून मगच पुढे ठेवावीत. दहापेक्षा कमी उत्तरे आलेल्या गटाचा निष्कर्ष स्वतंत्रपणे दाखवू नये. लहान शाळांच्या संस्थेने आपल्या तीन-चार शाळांची मोजणी एकत्र करावी, हे आम्हांस अधिक सुरक्षित वाटते. पेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे नसावी, हे सांगावयास नकोच.

शिपाई, सेविका व लिपिक यांना वगळून घेतलेली पाहणी आम्ही अपुरी मानतो. सकाळ व दुपार अशा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत पाण्याची टाकी कधी रिकामी होते, हे सेविकेइतके कोणास ठाऊक असणार? मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात व एकाच इमारतीत कधी दोन-तीन माध्यमे नांदतात. तेथे प्रश्नावलीही त्या त्या भाषेत हवी.

प्रश्न थोडे आणि नेमके असावेत. ‘आपण समाधानी आहात काय?’ या प्रश्नास बहुतेक जण ‘होय’ म्हणतात आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी गेल्या आठवड्यात किती मोकळे तास बदली तासांत गेले, रात्री नऊनंतर शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर किती वेळा उत्तर द्यावे लागले, मधल्या सुट्टीत डबा बसून खाता आला काय, असे विचारावे. कर्जत किंवा विरारहून पहाटेची गाडी पकडून कॉटन ग्रीन वा करी रोडला उतरणाऱ्या शिक्षिकेला यांची उत्तरे आठवावी लागत नाहीत.

शाळेच्या हातातील गोष्टी आणि हाताबाहेरच्या गोष्टी वेगळ्या विचाराव्यात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक कामे देता येत नाहीत. राज्य शासनाने २०२४ मध्ये शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. निवडणुकीचे काम मुख्याध्यापक टाळू शकत नाहीत. मात्र त्या काळात शाळेतील अन्य नोंदी व कार्यक्रम कमी करणे त्यांना शक्य असते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या दृष्टीने भरलेली प्रश्नावली ही जमा नसून देणे आहे. पंधरा दिवसांत निष्कर्ष सर्वांना वाचून दाखवावेत, एक तरी गोष्ट त्याच सत्रात दुरुस्त करावी आणि जे होणार नाही त्याचे कारण सांगावे. पंखा, पडदा, शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची कडी अशी कामे फार खर्चाची नसतात. पुढील वर्षी प्रश्न तेच ठेवावेत, म्हणजे तुलना करता येते. कोऱ्या परतलेल्या प्रश्नावल्याही मोजाव्यात. त्यांचे प्रमाण वाढले तर विश्वास कमी होत असल्याची शंका घ्यावी.

अनामिक पाहणीत एक धोका राहतो. कोणी जीव नकोसा झाल्याचे लिहिले, तर ते कोणी लिहिले हे शोधता येत नाही, आणि शोधण्याचा प्रयत्न केल्यास गोपनीयतेचे वचन मोडते. यास्तव प्रत्येक प्रश्नावलीच्या तळाशी ‘टेली मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. ही सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे व मराठीतूनही बोलता येते.

आम्ही वापरीत असलेल्या प्रश्नावलीचा, शाळांसाठी बदल केलेला, दोन पानी मराठी नमुना रुग्णालयाच्या कार्यालयात ठेवला आहे. इच्छुक संस्थांना तो विनामूल्य मिळेल. भरलेल्या उत्तरांची मोजणी करून हवी असल्यास आमचा नोंदणी विभाग तेही करून देईल.