परक्या नगरी उघडलेले दार

पाठ : प्रेषितांची कृत्ये १६:११-१५. ताडून पाहावे : शास्ते १९:१०-२१.

गावचा मनुष्य दवाखान्याच्या कामासाठी मुंबईस जातो आणि दादरच्या स्टेशनावर उतरतो, तेव्हा त्यास पहिले भय कशाचे वाटते? पैशाचे नव्हे, पैसा त्याने कमरेला बांधलेला असतो. इतक्या हजारो तोंडांत ओळखीचे एकही तोंड नाही, ह्याचे भय त्यास वाटते. पौल, सीला, तीमथ्य व लूक हे चौघे फिलिप्पैस पोहोचले तेव्हा त्यांची हीच अवस्था होती, ही गोष्ट उपदेशकाने वर्गापुढे प्रथम मांडावी. लुदियेचे नाव आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, ती भेटण्यापूर्वीचे दिवस आपल्या ध्यानातून सुटतात. ते त्या नगरात काही दिवस राहिले, एवढेच लूक सांगतो. कोठे राहिले, कोणी भाकर दिली, हे तो सांगत नाही. सांगण्याजोगे काही नसावे असे मला वाटते.

हे नगर इ.स.पू. ३५६ च्या सुमारास मासेदोनियाचा राजा फिलिप्प ह्याने आपल्या नावाने वसविले. पुढे इ.स.पू. ४२ साली येथे मोठी लढाई होऊन, ब्रूतस व कासियस ह्यांचा पराभव झाल्यावर रोमी शिपायांस येथे जमिनी देऊन वसविण्यात आले. पौल इ.स. ५० च्या सुमारास आला तेव्हा येथील लोकांस आपल्या रोमीपणाचा ताठा फार होता. यहूदी इतके थोडे की सभास्थानही नव्हते. यहूदी रीतीप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेस निदान दहा पुरुष लागत. तेवढेही येथे नसावेत. म्हणून शब्बाथ दिवशी हे चौघे वेशीबाहेर नदीकाठी गेले आणि तेथे जमलेल्या बायकांशी बसून बोलू लागले.

आता एक नवल पाहा. त्रोवसात पौलास दृष्टान्त झाला तो मासेदोनियाच्या एका पुरुषाचा. येथे मात्र दार उघडले एका बाईने, आणि तीही मासेदोनियाची नव्हे. लुदिया थुवतीरा नगराची, म्हणजे आशियातली. ज्या आशियात वचन सांगण्यास आत्म्याने ह्यांस नुकतेच मना केले होते (१६:६), त्याच प्रांताची. थुवतीरा रंगाऱ्यांच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत ह्या दूरच्या गावी येऊन राहिली होती. ती स्वतः एके काळी ह्या नगरात नवखी होती. परक्याचे दुःख तिला कोणी शिकवावे लागले नाही.

तिने चौघांस आपल्या घरी चलण्याचा आग्रह केला. येथे लूकाने जो ग्रीक शब्द योजिला आहे तो भिडेचा नव्हे, बळाचा आहे. जवळजवळ हात धरून ओढून नेले असा त्याचा भाव आहे. नव्या करारात तो शब्द दोनच ठिकाणी येतो, आणि दोन्ही लूकाच्याच लिखाणात : एक येथे, व दुसरा अम्माऊसच्या वाटेवर, जेथे दोघा शिष्यांनी अनोळखी सोबत्यास मुक्कामास राहण्याचा आग्रह केला (लूक २४:२९). वर्गाने दोन्ही वचने एकत्र वाचावीत.

आता शास्ते १९ उघडावे. हा अध्याय मंडळीत क्वचितच वाचला जातो, आणि तो वाचताना पाळकाची जीभ अडखळते हेही खरे. एक लेवी, त्याची उपपत्नी व चाकर संध्याकाळी यबूस नगराजवळ पोहोचतात. चाकर म्हणतो, येथेच उतरू. लेवी म्हणतो, नको, हे परक्यांचे नगर. आपल्या लोकांच्या गिब्यास जाऊ. गिब्यात ते चौकात बसून राहतात, आणि बन्यामिनाच्या वंशातला एकही मनुष्य त्यांस घरात घेत नाही. घेतो तो एक म्हातारा. आणि तोही एफ्राईमच्या डोंगराळ प्रदेशातून येऊन राहिलेला उपरा! पुढे रात्री काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. म्हाताऱ्याचा पाहुणचार प्रामाणिक होता. तथापि त्या घराने पुरुषास राखिले, बाईस राखिले नाही, हे झाकून पाठ शिकवू नये. परक्यांच्या यबूसाने त्यांस कसे वागविले असते हे कोणास कळलेच नाही. कारण लेवीने त्याचे दार ठोठावलेच नाही.

ही गोष्ट आपल्या मंडळ्यांस लागू आहे. शहरात आपला मनुष्य नेहमी आपल्याच लोकांचा पत्ता घेऊन जातो. ते योग्यच आहे. परंतु वाट दाखविणारा, आजाऱ्यास पाणी देणारा, रात्री ओट्यावर पथारी टाकू देणारा पुष्कळदा प्रभूचे नाव न जाणणारा असतो; आणि घरी परतल्यावर आपण साक्ष देताना त्याचा उल्लेख गाळतो. लूकाने तसे केले नाही. गलबत फुटून मिलिता बेटावर पोहोचल्यावर तेथील परभाषी लोकांनी पावसात व थंडीत विस्तव पेटवून सर्वांस जवळ केले, आणि लूकाने त्यांच्या ममतेची मोकळ्या मनाने नोंद केली (कृत्ये २८:२).

उलट, आपल्या दारी येणाऱ्याचे काय? दुसऱ्या गावचा ख्रिस्ती बंधू उपासनेस आला की प्रथम नाव, मग आडनाव, मग मामाचे गाव, अशी चौकशी चालते. ह्या चौकशीच्या शेवटी काय शोधावयाचे असते, ते विचारणाऱ्यास व सांगणाऱ्यास दोघांसही कळते. पूर्वीची जात कळेपर्यंत पाण्याचा तांब्या पुढे येत नाही. लुदियेने काही विचारले असेल तर ते लूकाने लिहिले नाही. तिने आपल्याविषयी मात्र एक गोष्ट पुढे केली : मी प्रभूशी विश्वासू आहे असे तुम्हांस वाटत असेल तरच या.

पाहुण्यानेही आपली मर्यादा ओळखावी. दिदाखे नामक एक फार प्राचीन ग्रीक पुस्तक १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले व १८८३ साली छापले गेले. त्यात फिरत्या प्रेषितास एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस ठेवावे असे आहे. तीन दिवस राहिला किंवा पैसे मागितले तर तो खोटा समजावा. आमच्या उपदेशकांपैकी काहींस हे कठीण वाटेल!

आणि दार उघडणाऱ्यास खर्च येतो. पौल व सीला छड्यांचा मार खाऊन बंदिशाळेतून सुटले, ते सरळ लुदियेच्या घरी गेले (१६:४०). ज्यांस सरकाराने भर चौकात फटके मारिले, त्यांस तिने पुन्हा आत घेतले. थेस्सलनीकात यासोनास तर ह्याच पाहुण्यांपायी जामीन द्यावा लागला (१७:५-९). ह्या दोन घरांवर वर्गात सावकाश बोलावे, आणि मग ज्यांच्या घरी कोणी परका उतरला होता त्यांस ती हकीकत सांगू द्यावी.

पुढील पाठ : कृत्ये १६:१६-४०, बंदिशाळेचा नायक.